पॅरेंट बोलला की चाइल्ड गप्प

गेली काही वर्षं मी पुण्यात मोबाइल अ‍ॅपचं काम करते, आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर. या काळात एका प्रश्नानं माझा पिच्छा सोडलेला नाही. स्क्रीनवर व्ह्यूच्या पोटात व्ह्यू, त्याच्या पोटात आणखी एक, अशी उतरंड असते. तिच्यातलं कोणी बोलायचं आणि कोणी गप्प राहायचं?

दृष्टिहीन माणसं फोन ऐकून वापरतात. त्यासाठी आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर असतात. बोट उजवीकडे ओढलं की पुढचा घटक वाचला जातो, दोनदा टॅप केलं की तो उघडतो. आता बसच्या तिकिटाचं एक साधं कार्ड घ्या. त्यावर मार्ग, सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, भाडं, आसन क्रमांक आणि कोपऱ्यात ‘रद्द करा’ हे बटण. डोळ्यांना हे सगळं एका नजरेत कळतं. कानांच्या वाट्याला मात्र बहुतेक अ‍ॅपमध्ये दोनांपैकी एक प्रकार येतो. एकतर अख्खं कार्ड एका दमात वाचलं जातं आणि बटण सापडतच नाही. नाहीतर बाण, रेघ, बसचं चित्र यांच्यासकट एकेक तुकडा कानावर आदळत राहतो आणि पुढच्या तिकिटापर्यंत जायला बोट दुखेपर्यंत ओढावं लागतं. दोन्ही दोषांचं मूळ एकच आहे. बोलण्याची प्रॉपर्टी उतरंडीतल्या चुकीच्या थराला लावलेली असते.

या कामातून हाती लागलेलं थोडं इथे मांडते आहे.

१. स्क्रीन रीडरला आपली रचना दिसत नाही

आपण कोडमध्ये व्ह्यूंचं जे झाड रचतो, ते स्क्रीन रीडरपर्यंत जसंच्या तसं पोहोचत नाही. त्यातून फोनची प्रणाली दुसरं, बरंच लहान झाड काढते. मांडणीसाठी घातलेले स्टॅक, कंटेनर, रिकाम्या जागा त्यात गळून पडतात आणि बोलणारे घटक तेवढे उरतात. आयफोनवर हे ठरवणारी प्रॉपर्टी म्हणजे ‘इज अ‍ॅक्सेसिबिलिटी एलिमेंट’. यूआय-लेबल आणि यूआय-बटन यांच्यासाठी ती मुळातच ट्रू असते, साध्या यूआय-व्ह्यूसाठी फॉल्स. अँड्रॉइडवर असं एकच कळीचं बटण नाही. व्ह्यू क्लिकेबल आहे का, फोकसेबल आहे का, त्यात मजकूर आहे का, हे पाहून टॉकबॅक बराचसा निर्णय स्वतःच घेतो.

पोटात पोट असलेली रचना कानाला कशी समजावी, हा प्रश्न मोबाइलच्याही आधीचा आहे. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. त्यांनी वाडिया महाविद्यालयात गणित शिकून पुढे मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठात पीएच.डी. केली. त्यांचा विषय होता गणिताचे लेख आवाजातून वाचून दाखवणारी प्रणाली. अपूर्णांकाच्या छेदात अपूर्णांक, त्याच्या घातांकात कंस, हे सरळ डावीकडून उजवीकडे वाचलं तर ऐकणाऱ्याला काहीच उलगडत नाही. आधी रचना समजून घ्यावी लागते आणि कुठला भाग एकसंध बोलायचा, कुठला सुटा करायचा, हे ठरवावं लागतं. हेच रामन पुढे गूगलमध्ये गेले आणि अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात, २००९ च्या सुमारास, टॉकबॅक ज्या प्रयत्नांतून आला त्यांच्या केंद्रस्थानी होते. तिकिटाच्या कार्डाकडे मी आता त्या पदावलीसारखंच बघते. कंस कुठे उघडतो आणि कुठे बंद होतो, हे आधी कागदावर लिहून काढते. कोड त्यानंतर.

२. आयफोनवर पॅरेंट ट्रू झाला की पोटातलं सगळं नाहीसं होतं

हा नियम इतका साधा आहे की पुष्कळ अनुभवी मंडळीही त्याच्याकडे नीट पाहत नाहीत. ‘इज अ‍ॅक्सेसिबिलिटी एलिमेंट’ पॅरेंटवर, म्हणजे बाहेरच्या व्ह्यूवर, ट्रू केलं की त्याच्या पोटातला एकही व्ह्यू व्हॉइसओव्हरला मिळत नाही. चाइल्डवर तुम्ही ट्रू लिहा, सुंदर लेबल द्या, काही उपयोग नाही. लग्नाच्या बैठकीत घरातल्या वडीलधाऱ्यानं बोलायला सुरुवात केली की बाकीच्यांनी तोंड उघडायचं नसतं, तसंच हे.

आमच्या अ‍ॅपची नेमानं तपासणी करणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, जन्मापासून दृष्टिहीन. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. एका कंत्राटी टीमकडून आलेलं तिकिटाचं कार्ड त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा ऐकलं.

“अगं, तिकीट फार छान वाचलं जातंय. पण ते रद्द कुठून करायचं?”

“सर, खाली उजव्या कोपऱ्यात बटण आहे.”

“कोपरा चाचपून झाला माझा. तिथे बोट ठेवलं तरी तिकीटच वाचतंय.”

ज्यानं तो कोड लिहिला त्याचा हेतू चांगलाच होता. कार्ड तुकड्यातुकड्यांत वाचलं जाऊ नये म्हणून त्यानं पॅरेंटला लेबल दिलं होतं आणि ट्रू केलं होतं. ऐकायला कार्ड गोड लागत होतं. फक्त त्यातलं बटण व्हॉइसओव्हरच्या जगातून गेलं होतं.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही योग्य आहेत. कुठला कधी वापरायचा ते कार्डाच्या कामावर ठरतं. कार्डावर टॅप केलं की एकाच ठिकाणी जायचं असेल आणि ‘रद्द करा’, ‘शेअर करा’ अशा एकदोन जोडकृती असतील, तर पॅरेंट ट्रूच ठेवावा, त्याला नीट लेबल द्यावं आणि त्या कृती ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी कस्टम अ‍ॅक्शन्स’मध्ये घालाव्यात. मग कार्डावर असताना बोट वर किंवा खाली ओढलं की त्या कृती एकेक करून ऐकू येतात. तिकिटांची लांब यादी असेल तर हा मार्ग वापरणाऱ्याचे कष्ट खरोखर वाचवतो, कारण प्रत्येक तिकीट एकाच हालचालीत मागे टाकता येतं. पण कार्डात मजकूर भरायची चौकट, स्विच किंवा संख्या कमीजास्त करायची बटणं असतील, तर पॅरेंट फॉल्स ठेवावा आणि पोटातल्यांना बोलू द्यावं. भरायची चौकट गटात कोंडणं मला अजिबात मान्य नाही. माणसाला तिथे थांबायचं असतं, लिहायचं असतं, लिहिलेलं तपासायचं असतं.

पहिल्या मार्गात एक धोका आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. गट केलेल्या पॅरेंटवर दोनदा टॅप केलं आणि तुम्ही ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी अ‍ॅक्टिव्हेट’ स्वतः लिहिलेलं नसेल, तर व्हॉइसओव्हर त्या घटकाच्या मध्यबिंदूवर स्पर्श झाल्यासारखं वागतो. त्या मध्यबिंदूखाली पोटातलं एखादं बटण येत असेल तर तेच दाबलं जातं. म्हणजे तपशील पाहायला टॅप केलं आणि तिकीट रद्द व्हायला लागलं, असं घडू शकतं. अक्षरांचा आकार मोठा केला की कार्ड उंच होतं आणि मध्यबिंदू सरकतो. त्यामुळे एका फोनवर नीट चालणारं कार्ड दुसऱ्या फोनवर भलतंच काही करतं. गट केलात तर अ‍ॅक्टिव्हेट झाल्यावर काय व्हायचं, ते स्पष्ट लिहून ठेवा.

३. आयडेंटिफायर चाचणीसाठी, लेबल माणसासाठी

पोटातले व्ह्यू गप्प होण्याची बरीच प्रकरणं शोधत गेलं की शेवटी स्वयंचलित चाचण्यांपाशी पोहोचायला होतं. अ‍ॅपियम किंवा एक्ससीयूआय-टेस्टला कार्ड सापडत नाही, म्हणून कोणीतरी कंटेनरलाच ट्रू करतो. कार्ड सापडतं. मग दुसरा येतो आणि विचारतो, आता त्यातलं बटण का सापडत नाही? चाचणीची साधनं आणि स्क्रीन रीडर बऱ्याच अंशी एकाच झाडाकडे पाहतात, हे दोघांनाही कोणी सांगितलेलं नसतं.

आयफोनवर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी आयडेंटिफायर’ ही वेगळी प्रॉपर्टी आहे. ती कधीच वाचली जात नाही. कंटेनर फॉल्स ठेवून त्याला नुसता आयडेंटिफायर दिला तरी चाचणीत तो मिळतो, पोटातले घटकही मिळतात आणि कानालाही काही खुपत नाही. स्विफ्टयूआयमध्ये मात्र जरा जपून. तिथे कंटेनरला आयडेंटिफायर लावला की तो पोटातल्या सगळ्यांना चिकटू शकतो आणि सगळी बटणं एकाच नावाची होऊन बसतात. आधी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी एलिमेंट, चिल्ड्रन कंटेन’ लावून कंटेनरला स्वतंत्र ओळख द्यावी, मग आयडेंटिफायर.

अँड्रॉइडवर वेगळाच घोळ असतो. अ‍ॅपियममध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी आयडी’ म्हणून जे शोधलं जातं, ते अँड्रॉइडवर ‘कंटेंट डिस्क्रिप्शन’ असतं. म्हणून चाचणीवाले तिथे ‘बीटीएन अंडरस्कोर कॅन्सल अंडरस्कोर रो’ असली नावं लिहायला सांगतात आणि टॉकबॅक ती इमानदारीत माणसाला वाचून दाखवतो. चाचणीसाठी रिसोर्स आयडी वापरा. कंपोझमध्ये टेस्ट टॅग आहे आणि तो रिसोर्स आयडी म्हणून बाहेर दाखवायची सोयही आहे. कंटेंट डिस्क्रिप्शनमध्ये वापरणाऱ्याच्या भाषेतलं वाक्य सोडून दुसरं काहीही असू नये, यावर मी कोड रिव्ह्यूत अडून बसते.

४. अँड्रॉइडवर पोटातले मजकूर आपोआप वर येतात, ते येऊ द्यावेत

अँड्रॉइडची रीत आयफोनपेक्षा उदार आहे. पॅरेंट क्लिकेबल किंवा फोकसेबल असेल आणि त्याला स्वतःचं कंटेंट डिस्क्रिप्शन नसेल, तर पोटातल्या फोकस न घेणाऱ्या व्ह्यूंचे मजकूर टॉकबॅक स्वतः गोळा करून एकत्र वाचतो. पोटात क्लिकेबल बटण असेल तर ते वेगळा थांबा म्हणून शिल्लक राहतं. म्हणजे तिकिटाचं कार्ड अँड्रॉइडवर फारसं काही न करताही बरं वाचलं जातं.

बिघडतं ते आपण मध्ये पडल्यामुळे. पॅरेंटला कंटेंट डिस्क्रिप्शन दिलं की टॉकबॅक तेच वाचतो आणि पोटातले मजकूर बाजूला पडतात. बसगाड्यांची यादी करताना ‘दोन जागा शिल्लक’ हे डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलं, नंतर जागा भरल्या, पोटातल्या टेक्स्ट-व्ह्यूनं ‘जागा नाही’ दाखवलं, तरी ऐकणाऱ्याला दोन जागाच ऐकू येतात. रिसायकलर-व्ह्यूत याहून वाईट होतं. एकच कार्ड वरच्या ओळीसाठी वापरून पुन्हा खालच्या ओळीला दिलं जातं. डिस्क्रिप्शन नव्यानं भरलं नाही तर डोळ्यांना नागपूरची बस दिसते आणि कानांना सोलापूरची ऐकू येते. हा दोष डोळ्यांनी तपासणाऱ्याला आयुष्यात सापडणार नाही.

म्हणून अँड्रॉइडवर पहिला प्रयत्न नेहमी डिस्क्रिप्शन काढून टाकण्याचा करावा. कार्ड क्लिकेबल नसेल पण एकत्र वाचलं जायला हवं असेल, तर अँड्रॉइड ९ पासून ‘स्क्रीन रीडर फोकसेबल’ ही प्रॉपर्टी आहे. तिथे ‘फोकसेबल’ वापरलं तर कीबोर्डनं फोन चालवणाऱ्यांना विनाकारण एक जास्तीचा थांबा लागतो. आयफोनवर अशी आपोआप गोळाबेरीज साध्या यूआय-व्ह्यूत होत नाही, त्यामुळे तिथे लेबल साठवून ठेवण्याऐवजी विचारल्याच्या क्षणी तयार करावं. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी लेबल’ ओव्हरराइड करून पोटातल्या लेबलांचा त्या वेळचा मजकूर जोडून परत द्यावा. शिळं लेबल राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

५. स्वतः गप्प राहणं वेगळं, सगळ्या कुटुंबाला गप्प करणं वेगळं

अँड्रॉइडवर ‘इम्पॉर्टंट फॉर अ‍ॅक्सेसिबिलिटी’ला ‘नो’ दिलं तर तो एक व्ह्यू बाजूला होतो, पोटातले राहतात. ‘नो हाइड डिसेंडंट्स’ दिलं तर पोटातलं सगळं जातं. आयफोनवर पहिल्याचं काम ‘इज अ‍ॅक्सेसिबिलिटी एलिमेंट’ फॉल्स करून होतं, दुसऱ्याचं ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी एलिमेंट्स हिडन’ ट्रू करून. शोभेच्या चित्राला पहिला प्रकार पुरतो.

दुसरा प्रकार लागतो तो वर पॉप-अप किंवा तळातून येणारं पान उघडल्यावर. मागचं पान डोळ्यांना झाकलेलं असतं, पण स्क्रीन रीडर खुशाल त्यात शिरतो आणि माणूस पैसे भरायच्या पानावरून नकळत मागच्या यादीत जाऊन पोहोचतो. आयफोनवर यासाठी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी व्ह्यू इज मोडल’ आहे. पण ती प्रॉपर्टी त्या व्ह्यूच्या फक्त भावंडांना गप्प करते. पॉप-अप तुम्ही उतरंडीत खोल, एखाद्या कार्डाच्या पोटात टाकला असेल तर आजोबांची भावंडं बोलतच राहतात. पॉप-अप उतरंडीच्या वरच्या थरावर आणणं हाच खरा उपाय. अँड्रॉइडवर मागच्या पानाच्या कंटेनरला ‘नो हाइड डिसेंडंट्स’ देतात. पॉप-अप बंद होण्याच्या प्रत्येक वाटेवर, मागे जाण्याच्या बटणासकट, ते परत पूर्ववत करावं लागतं. नाहीतर पूर्ण पानच गप्प राहतं आणि वापरणाऱ्याला वाटतं की अ‍ॅप बंद पडलं.

६. जे चित्रासारखं रंगवलंय, त्याच्या पोटात व्ह्यूच नसतात

बसमधल्या आसनांचा नकाशा बऱ्याचदा एकाच व्ह्यूवर रेखाटलेला असतो. पन्नास आसनं दिसतात, पण स्क्रीन रीडरला एकच आयत मिळतो. अशा ठिकाणी आयफोनवर यूआय-अ‍ॅक्सेसिबिलिटी-एलिमेंट आणि अँड्रॉइडवर एक्सप्लोर-बाय-टच-हेल्पर वापरून प्रत्येक आसनाचा आभासी घटक तयार करावा लागतो. आयफोनवर त्याची चौकट ‘फ्रेम इन कंटेनर स्पेस’मध्ये द्यावी, म्हणजे नकाशा सरकला तरी चौकट सोबत सरकते. मेहनतीचं काम आहे. पण खिडकीजवळची जागा निवडण्याचा हक्क सगळ्यांना सारखाच आहे.

७. क्रम कानानं तपासावा

सुटण्याची वेळ डाव्या स्तंभात, पोहोचण्याची उजव्या. प्रत्येक स्तंभात वर शीर्षक, खाली वेळ. व्हॉइसओव्हर साधारण वरून खाली आणि ओळीत डावीकडून उजवीकडे जातो. ऐकू येतं ते असं: “सुटते. पोहोचते. साडेसहा. सव्वादहा.” कुठली वेळ कशाची, ते ऐकणाऱ्यानं लक्षात ठेवून जुळवायचं. प्रत्येक स्तंभाच्या कंटेनरवर ‘शूड ग्रुप अ‍ॅक्सेसिबिलिटी चिल्ड्रन’ लावलं की एक स्तंभ संपल्यावर दुसरा सुरू होतो. त्याहून चांगलं म्हणजे शीर्षक आणि वेळ मिळून एकच घटक करावा. अँड्रॉइडवर ‘ट्रॅव्हर्सल बिफोर’ आणि ‘आफ्टर’ आहेत, पण ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. मांडणीच नीट केली तर ते लागत नाहीत.

८. एकत्र केलेलं लेबल चांगलं मराठी असायला हवं

गट करताना बहुतेक जण पोटातले मजकूर स्वल्पविरामानं जोडतात आणि हात झटकतात. आमच्याकडे एका कार्डाचं लेबल असं होतं: “पुणे, बाण, कोल्हापूर, ०६:३०, रु. ४१०, शि. २”. स्क्रीनवर हे सुटसुटीत दिसतं. ऐकताना ‘रु.’ म्हणजे नुसतं ‘रु’ होतं आणि ‘शि.’ म्हणजे काय ते कोणालाच कळत नाही. सरांनी ते ऐकून विचारलं, “हा शि कोण?” त्याचं आम्ही असं केलं: “पुणे ते कोल्हापूर, सकाळी साडेसहा, चारशे दहा रुपये, दोन जागा शिल्लक.” मराठी माणूस तिकीट खिडकीवर जसं विचारेल आणि जसं सांगेल, तसंच.

आधी काय यावं याचाही विचार हवा. यादीतून झरझर पुढे जाणारा माणूस लेबलाचे पहिले दोनतीन शब्द ऐकून बोट ओढतो. सगळ्या बसगाड्या पुणे ते कोल्हापूरच असतील तर प्रत्येक कार्डाची सुरुवात तिथून करणं म्हणजे त्याचा वेळ खाणं आहे. तिथे वेळ आधी यावी आणि मार्ग पानाच्या मथळ्यात जावा. जागा संपली असेल तर ‘जागा नाही’ हेच पहिल्यांदा सांगावं.

लेबलात ‘बटण’ शब्द लिहू नये. घटक बटण आहे हे ट्रेट सांगते, नाहीतर “रद्द करा बटण, बटण” असं ऐकू येतं. उलट, पॅरेंट बोलता केला की पोटातल्याची ट्रेट आपोआप वर येत नाही, ती पॅरेंटला हातानं द्यावी लागते. निवडलेलं आहे, बंद आहे, उघडलेलं आहे या अवस्थांचंही तेच. अवस्था लेबलात चिकटवू नका. आयफोनवर ट्रेट आणि व्हॅल्यूत द्या, अँड्रॉइड ११ पासून ‘स्टेट डिस्क्रिप्शन’ आहे.

आणि भाषा. फोन इंग्रजीत, अ‍ॅप मराठीत, अशी आपल्याकडे सर्रास स्थिती असते. आयफोनवर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी लँग्वेज’ आणि अँड्रॉइडवर लोकेल-स्पॅन वापरून हा मजकूर मराठी आहे असं सांगता येतं. मराठी अ‍ॅप बनवणारे बहुतेक जण हे करत नाहीत. केलं पाहिजे.

९. नावं बदलतात, प्रश्न तोच

रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबल’ ट्रू केलेला व्ह्यू आयफोनवर पोटातल्यांना झाकतो. दाबायच्या घटकात दाबायचा घटक घातला तर आतला आयफोनवर हरवतो आणि अँड्रॉइडवर राहतो, म्हणून दोन्ही फोनांवर तपासल्याशिवाय काम झालं असं म्हणू नये. फ्लटरमध्ये मर्ज-सिमँटिक्स आणि एक्सक्लूड-सिमँटिक्स. कंपोझमध्ये ‘मर्ज डिसेंडंट्स’ आणि त्याच्या जोडीला ‘क्लिअर अँड सेट सिमँटिक्स’. हे दुसरं पोटातलं सगळं पुसून टाकतं, तेव्हा हात आखडता ठेवावा. स्विफ्टयूआयमध्ये ‘कंबाइन’, ‘कंटेन’ आणि ‘इग्नोर’. फ्रेमवर्क कुठलंही असो, प्रत्येक कंटेनरपाशी ठरवायचं तेच आहे: एकत्र बोलायचं, वेगवेगळं बोलायचं की गप्प राहायचं.

१०. जे नाहीसं झालंय, ते साधन दाखवत नाही

गूगलचा अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर, अ‍ॅपलचा अ‍ॅक्सेसिबिलिटी इन्स्पेक्टर, २०२३ पासून एक्ससी-टेस्टमध्ये आलेलं ऑडिट, ही सगळी साधनं वापरावीत. लेबल नसलेली बटणं, फिकट रंग, ४८ डीपीपेक्षा लहान स्पर्शाची जागा, हे ती चटकन पकडतात. पण पॅरेंटनं झाकलेलं बटण त्यांच्या हाती लागेलच असं नाही. तो घटक झाडातच नसतो, मग तक्रार कशाची करणार? अहवाल स्वच्छ येतो आणि तिकीट रद्द करता येत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक महत्त्वाच्या कार्डासाठी एक छोटी चाचणी लिहितो: या कार्डात हे हे घटक आणि या या कृती मिळाल्याच पाहिजेत. कोणी उद्या कंटेनर ट्रू केला की ती लगेच लाल होते. आणि माणसानं हातानं तपासायचं ते पडदा काळा करून. व्हॉइसओव्हर चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की आयफोनचा पडदा काळा होतो आणि फोन बोलत राहतो. पडदा दिसत असला की आपला मेंदू गाळलेल्या जागा आपोआप भरतो, कितीही प्रामाणिकपणे तपासलं तरी. तरीही आपली तपासणी ही दृष्टिहीन वापरणाऱ्याच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. सर ज्या वेगानं ऐकतात, त्या वेगात मला शब्दही सुटे कळत नाहीत. त्यांना जे खटकतं ते मला सुचणारही नाही. अशा लोकांना कामात घ्या आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

११. हे काम ‘वेळ उरला तर’ या रकान्यातलं नाही

नियोजनाच्या बैठकीत हे काम नेहमी शेवटी ढकललं जातं. तिथे मी दोन गोष्टी सांगते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद आहे, त्यातल्या सुमारे ५० लाख जणांचं अपंगत्व दृष्टीशी संबंधित आहे. आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याबद्दल तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणातले याचिकाकर्ते बँकेचं खातं उघडण्यासारख्या साध्या गोष्टीत अडले होते. पडद्यावरची एक पायरी पार करता येत नाही, म्हणून माणूस खात्याला मुकतो.

पोटातल्या व्ह्यूची प्रॉपर्टी दुरुस्त करायला बहुतेक वेळा थोड्याच ओळी लागतात. वेळ जातो तो कुठली ओळ कुठल्या थरावर, हे ठरवण्यात, आणि तो नियोजनात धरलेला असायला हवा.

तुम्ही अ‍ॅप बनवत असाल तर एवढं करा. ज्या पानावर पैसे भरले जातात किंवा परत मागितले जातात, ते पान आधी घ्या. पडदा काळा करा आणि एक व्यवहार सुरू करून तो रद्द करून दाखवा. रद्द करायचं बटण सापडलं नाही, तर त्याच्या वरच्या थरातला ट्रू शोधा आणि या आठवड्याच्या कामातच तो निकाली काढा.